पाहुण्यांचा दर

पाजे, झांझिबार
३ जुलै २०२५

ताई,

पैसे का नाही घेतलेस, ते आधी सांग. खुशाली नंतर.

बी आशा काल नवऱ्याला घेऊन परत आली. बोटीवर आणायला मीच गेलो होतो. गाडीत बसल्याबसल्या तिनं पर्समधून पाकीट काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. तेच पाकीट. निघायच्या आधी मीच तिला बँकेच्या दारात सांगितलं होतं, की खोलीचे आणि जेवणाचे पैसे यात वेगळे ठेव, शेवटच्या दिवशी द्यायचे. जसंच्या तसं परत. "तुमच्या घरानं घेतले नाहीत," एवढंच बोलली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. रागावली होती का रडत होती, मला समजलं नाही.

आता मला एक सांग. मरोळची चांगली बिलिंगची नोकरी सोडून समोरची खोली भाड्यानं घेतलीस ती कशाला? धंदा करायला ना? मुलुंडच्या हॉस्पिटलात परदेशातून पेशंट येतात, त्यांच्या माणसांना हॉटेल परवडत नाही, पेशंटला साधं जेवण लागतं, आपण कांजूरला तीन स्टेशनं अलीकडे आहोत. हे सगळं तूच बोललीस. मी म्हटलं, कचऱ्याच्या डम्पिंगच्या वासात पैसे देऊन कोण राहील, तर तू फोन आपटलास. वर म्हणालीस, फोनवर तू नुसता ओरडतोस आणि इकडे बाबा स्पीकरवर ऐकत बसतात, काय ते लिहून पाठव. घे, लिहितोय. नववी नापास माणसाला पेन धरायला लावलंस.

तर मी गपचूप इथून गिऱ्हाईक पाठवलं. पहिलंच. माझी घरमालकीण, बी आशा. आणि तू त्यांना तीन आठवडे फुकट जेवायला घातलंस! डिसेंबरपर्यंत खोलीनं स्वतःचं भाडं काढलं नाही तर मालकाला चावी परत आणि तू परत मरोळला, असं बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलंय ना? मग? बाबांना जिंकवायचा ठेका घेतलायस का?

बरं, आता ऐक दुसरी बाजू. काल संध्याकाळपासून बी आशाच्या ओट्यावर अर्धं गाव बसलंय आणि ती तुझंच सांगतेय. मला तर वाटलं ही दुसऱ्याच कोणाच्या बहिणीबद्दल बोलतेय. तू म्हणे तिच्या नवऱ्याच्या, जुमाचाचाच्या ऑपरेशनच्या दिवशी डबा घेऊन हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसून होतीस. कोंबडी कुठून आणायची ते त्यांना न विचारताच खालच्या अन्सारीकडून आणलीस. आणि बाबा! नमाजाची दिशा नक्की कुठली, ते बाबा मशिदीत जाऊन विचारून आले आणि कपाट स्वतः सरकवलं, असं ती सांगते. आपले बाबा? गुणाजी? ज्यांनी टीव्ही दुसऱ्या भिंतीला लावला म्हणून महिनाभर माझ्याशी अबोला धरला होता ते?

नारळाच्या रसातली सुरमई खाऊन चाचा म्हणाला, हे तर आमचंच जेवण, यांनी चोरलं कधी? वासाचं मी मुद्दाम विचारलं. तर बी आशा म्हणाली, "येतो ना, संध्याकाळी येतो. पण तू आमचं समुद्रातलं शेवाळ वाळताना कधी उभा राहिलायस? मी त्यात वीस वर्षं काढली."

हे पत्र हमिसी मास्तरांच्या हाती देतोय. इथल्या शाळेत शिकवतात. बायको रेहेमा, तिच्या पोटाचं ऑपरेशन आहे. माणसं फार चांगली आहेत, पण ताई, गिऱ्हाईक आहेत. पुन्हा लिहितो. गिऱ्हाईक. मास्तरांना मी सांगितलंय, पैसे फक्त श्रुतिकाच्या, म्हणजे तुझ्याच हातात द्यायचे. पोलिसांचा तो परदेशी माणसांचा फॉर्म पहिल्याच दिवशी भर, विसरू नकोस.

माझं इथे हॉटेलात सगळं झकास चाललंय.

सर्वेश

ता. क. लवंग पाठवतोय. बाजारातली नाही, झाडावरची.


पाजे
१० ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार पानं शिव्या आणि त्याच्याखाली नाचणीचे लाडू. लाडू मास्तरांनी बोटीवरच अर्धे संपवले, बाकीचे माझ्यापर्यंत पोचले.

"स्वतः एका जागी सहा महिने टिकत नाहीस आणि मला धंदा शिकवतोस." ठीक आहे, टोला मारलास. साकीनाक्याच्या गॅरेजपासून मोजायला घेतलंस तर बोटं पुरणार नाहीत. "हॉटेल सोडलंस की अजून आहेस?" हे तू कसं ओळखलंस? मास्तर बोलले असणार. मास्तर लोकांच्या पोटात काही राहत नाही. हो, सोडलं. जून संपायच्या आधीच सोडलं. गेल्या पत्रात खोटं लिहिलं, कारण ते पत्र तू बाबांच्या समोर फोडशील असं वाटलं.

पण उपाशी नाहीये. स्टोन टाऊनला एक गुजराती सेठ आहेत, फ्रीज आणि एसीचं काम घेतात, परमिटही त्यांनीच करून दिलं. त्यांची स्कूटर घेऊन मी किनाऱ्यानं फिरतो. ताई, तुला सांगतो, इथे काय चाललंय ते बघायला पाहिजेस. मी आलो तेव्हा या रस्त्यावर जिथे बकऱ्या बांधलेल्या असायच्या तिथे आता रिसेप्शन आहे. इटलीची माणसं, पोलंडची माणसं, आता आपली पण येतात, बोरिवलीचा एक ग्रुप परवा थेपल्यांची बॅग घेऊन आला होता. खोल्यांवर खोल्या उठतायत आणि समुद्राची खारी हवा एसीची कॉइल वर्षभरात खाऊन टाकते. म्हणजे प्रत्येक नवीन हॉटेल बांधणारा माणूस माझ्यासाठीच बांधतोय असं समज. एका जागी न टिकणारा मेकॅनिक इथे लोकांना हवाच असतो.

आता मुद्द्यावर येतो. तू लिहिलंस, "मास्तरांचे पैसे मी घेतले, त्यांच्यासमोर मोजले, आता तरी गप्प बस." आणि बी आशाच्या पाकिटाबद्दल चार पानांत एक अक्षर नाही. मी म्हटलं, चला, सुधारली. मग मास्तरांना विचारलं, सगळं देऊन आलात ना? ते हसायला लागले. त्यांनी मोबाईल काढला.

टॅक्सी निघतानाचा व्हिडिओ आहे, टॅक्सीवाल्यानं काढलेला. तू रेहेमाच्या ओटीत नारळ आणि तांदूळ घालतेयस. तिला काय करायचं ते कळत नाहीये, तिनं ओढणी दोन्ही हातांनी धरलीय आणि हसतेय. (ब्लाऊजपीस कोणतं दिलंस? तुझं मोरपंखी? मला दिसलं.) मग तू वर जातेस, बहुतेक पाण्याची बाटली आणायला. आणि बाबा येतात. शर्टाच्या आतून पाकीट काढतात आणि खिडकीतून मास्तरांच्या मांडीवर टाकतात. मास्तर परत देतात. बाबा परत टाकतात. दोघं म्हातारे असे ढकलाढकली करतायत जसे लग्नात आहेरासाठी भांडतात. मग बाबा मास्तरांच्या खिशाकडे बोट करतात, जिथे माझं पत्र होतं त्या खिशाकडे, आणि म्हणतात:

"माझ्या झिलाचा पत्र घेवन इलेली माणसां ही. ह्येंच्याकडसून पैशे घेव? मगे तेका तोंड कसा दाखवू?"

मास्तरांना मालवणी काय कळणार? 'झिल' म्हणजे मुलगा, हे त्यांना कोण सांगणार? त्यांना वाटलं म्हातारा आशीर्वाद देतोय. म्हणून त्यांनी पाकीट ठेवून घेतलं आणि हात जोडले.

मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला, ते विचारू नकोस.

मग मी बी आशाकडे गेलो आणि उभ्या उभ्या विचारलं. तेव्हा तिनं खरं सांगितलं. त्यांच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला डावलून पोरीच्या हातात पैसे देणं बरं दिसत नाही. म्हणून चाचानं पाकीट बाबांच्या हातात ठेवलं. बाबांनी ते कपाळाला लावलं आणि परत दिलं. तू दारात उभी होतीस. पाहुण्यांसमोर बापाला खाली बघायला लावलं नाहीस.

आणि मी तुला काय काय लिहिलं. तू मला एवढं सुनावलंस, पण त्या चार पानांत बाबांचं नाव कुठे घेतलं नाहीस. आम्ही दोघं पुन्हा भांडू म्हणून ना?

दीड वर्ष झालं ते माझ्याशी बोललेले नाहीत. मी निघालो त्या दिवशी ते जिन्यात बसले होते आणि मला एवढंच म्हणाले होते, "तू खंयच टिकूचो नाय." मला वाटत होतं की ते माझं नावही तोंडी घेत नसतील.

मास्तरांचे पैसे बाबांनी तुझ्या डब्यातून काढले हे तुला नंतर कळलं असेलच. तरी मला "घेतले" असंच लिहिलंस. तू पण कमी नाहीस.

सेठचा भाचा घाटकोपरला चाललाय, त्याच्या हाती हे देतोय. तो आपल्याकडे राहणार नाही, फक्त पत्र देऊन जाईल, त्यामुळे त्याला चहा फुकट चालेल.

सर्वेश


पाजे
१४ सप्टेंबर

ताई,

गणपतीचे फोटो मिळाले. खाली नोटीस बोर्डावरचं "श्रीगणेशाय नमः" बाबांच्या हातचं आहे, लगेच ओळखलं. ते ण चं पोट अजून तसंच काढतात. सोसायटीतल्या पोरांनी प्रिंट काढायची म्हटली असेल आणि बाबांनी खडू हिसकावला असेल.

तू लिहिलंस की मालक दोनदा येऊन गेला आणि मरोळच्या मॅडमनी विचारलं, परत येतेस का. "मी बहुतेक हो म्हणेन, सर्वेश. बाबांचं चूक नाही आणि माझं पण चूक नाही, पण असं चालत नाही." हे वाक्य मी स्कूटर रस्त्याच्या कडेला लावून पुन्हा वाचलं. तू आजपर्यंत कधी "असं चालत नाही" म्हटलेलं मला आठवत नाही. तुझ्या बारावीच्या वर्षी आई गेली तेव्हाही नाही.

मी तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. बी आशा मागच्या अंगणात दोन खोल्या काढायच्या म्हणतेय. तिला पार्टनर हवाय. मी वर्षभर पैसे जमवतोय ते त्यासाठी. कोणाला बोललो नाही, तुला पण नाही, कारण तू म्हणाली असतीस, पुन्हा नवीन खूळ. पण हे खूळ नव्हतं. या बाईचं काम मी रोज बघतो. आधी ती कमरेपर्यंत पाण्यात उभी राहून शेवाळाच्या दोऱ्या बांधायची. एकदा एका इटालियन पोरीची स्कूटर तिच्या दारात बंद पडली, तिला रात्रीपुरती खाट दिली. सकाळी ती पोरगी चुलीवरच्या चपातीचे फोटो काढत बसली. बी आशानं तेवढं बघितलं आणि ओळखलं. पहिल्या सीझनच्या पैशातून गादी घेतली, पुढच्या सीझनला संडास बांधला, मग पंखा, मग एसी. कर्ज नाही. शेजारच्या तिघांनी समोरची जागा मोठ्या हॉटेलवाल्याला विकली, आता त्यांची पोरं तिथेच वाळू साफ करतात. हिला पण दुप्पट देत होते. ही म्हणाली, "ते लोक समुद्र बघायला येतात ते खरं, पण जेवायला बसल्यावर बघतात मला."

अशा बाईबरोबर धंदा करायला मिळतोय म्हटल्यावर माणूस बाकी काय बघणार?

तर काल मी पैसे घेऊन तिच्याकडे गेलो. मागच्या तीन महिन्यांचं भाडं पण द्यायचं होतं, ती दर वेळी उद्या दे, उद्या दे करत होती. तिनं भाड्याच्या नोटांना हात पण लावला नाही.

"तुझ्या बापानं माझ्याकडून घेतले?"

"बी आशा, ते वेगळं. त्यांना धंदा कळत नाही."

"आणि मला कळतो, म्हणून सांगते. या सीझनभर तुझ्याकडून भाडं नाही. माझा नवरा तिथून चालत परत आलाय."

मी म्हटलं, बरं, मग हे तरी घे, खोल्यांचे. तर तिनं मला समोर बसवलं आणि उलटतपासणी सुरू केली. बहिणीकडे खोल्या किती? एक. हॉस्पिटल किती लांब? दहा मिनिटं. वर्षातून किती महिने चालतं? मी म्हटलं, हॉस्पिटल कुठे बंद असतं का? ती हसली. इथे मार्चच्या शेवटी पाऊस सुरू झाला की जूनपर्यंत तिच्या खोल्यांत कोळी जाळी विणतो. एकदा आजाराची साथ आली तेव्हा काही महिने विमानच उतरलं नव्हतं, ती परत शेवाळाला गेली होती.

"आणि तू," ती म्हणाली, "तुझे पैसे पावसात भिजणाऱ्या खोल्यांत घालणार, आणि बारा महिने चालणारी खोली तुझी बहीण मालकाला परत देणार. शिकलेला नाहीस ते माहीत होतं, पण मोजता पण येत नाही?"

ताई, मी एवढंच म्हटलं, की माझी बहीण पैसे घेऊ शकत नाही, माझा बाप घेऊ देत नाही.

तिनं विचारलं, "तुझा बाप माझ्याकडून का घेत नव्हता?"

"कारण तू माझं पत्र घेऊन गेली होतीस."

"मग पत्र देऊ नकोस की."

बस. एवढंच होतं. गावभर पेशंट पाठवतोय, प्रत्येकाच्या खिशात माझं पत्र कोंबतोय, आणि वर तुला शिव्या देतोय की त्यांना पाहुणे का केलंस. अरे, मीच केलं! आपल्याकडे लेकाची चिठ्ठी घेऊन दारात आलेला माणूस पैसे देऊन जेवतो का कधी? बाबांच्या जागी कोणीही असतं तरी तेच केलं असतं. तू असतीस तरी, खरं सांग.

मरोळच्या मॅडमना लगेच हो म्हणू नकोस. दोन आठवडे थांब. हे पण सेठच्या भाच्याबरोबरच पाठवतोय, तो परत घाटकोपरला चाललाय.

सर्वेश


स्टोन टाऊन, पोस्ट ऑफिस
२ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र तिकीट लावून पोस्टात टाकतोय. कधी पोचेल ते पोस्टमनला माहीत. यापुढे मी जे लिहीन ते असंच येईल. माणसांच्या हाती कधीच नाही.

इथून बावीस तारखेला एक कुटुंब निघतंय. सासू, सून आणि सुनेचा भाऊ. सासूच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. नावं आणि पासपोर्ट तुझ्या मोबाईलवर आले असतील. नोव्हेंबरमध्ये अजून दोन कुटुंबं आहेत, त्यातलं एक इथलं नाही, समोरच्या दार-एस-सलाममधलं आहे. त्यांना मी ओळखत पण नाही. बी आशा सगळ्यांना तुमचं घर सांगत सुटलीय. त्यांच्याकडे माझं काही नसेल. पत्र नाही, लवंग नाही, माझं नाव पण घेऊ नका असं मी सांगितलंय. ती तुमच्या दारात येतील ती फक्त खोली विचारायला आलेली माणसं.

दर बी आशानं ठरवलाय. खोली, दोन वेळचं जेवण आणि हॉस्पिटलचा डबा मिळून दिवसाला अठराशे. तू बाराशे म्हणत होतीस. ती म्हणाली, बाराशेत तर ती सुरमई पण येत नाही, आणि मी ती तीन आठवडे खाल्लीय, मला माहीत आहे. कमी करायचे असतील तर तिला विचारल्याशिवाय करू नकोस, मला ओरडेल.

पोलिसांचा तो सी फॉर्म, दरवाज्याला आतून कडी आणि बाथरूममध्ये धरायला दांडा, एवढं आधी कर. गुडघ्यांची सासू येतेय. दांडा मी असतो तर स्वतः बसवला असता. साकीनाक्याच्या प्लंबरला बोलाव, माझं नाव सांग, तिथे नाव चालेल.

ओटी भरायची असेल तर भर. ते मी थांबवणार नाही. रेहेमानं तो ब्लाऊजपीस शिवून घेतलाय, ईदला घालणार आहे म्हणे.

आता बाबांचं. त्यांना वाचून दाखव हे. स्पीकरवर नको, समोर बसून. बाबा, तुम्ही त्या दिवशी गाडीच्या खिडकीतून जे बोललात ते मी ऐकलं. तोंड तुम्ही दाखवायचं नाही, मला दाखवायचंय. मे महिन्यात इथे पाऊस असतो, हॉटेलं अर्धी बंद असतात. तेव्हा येईन. तोवर याच कामावर असेन. टिकेन.

आणि तुमच्यासाठी एक काम आहे. समोरच्या खोलीच्या दाराला बोर्ड लावायचाय. प्रिंटिंगचा नको. पत्रा, पांढरा रंग आणि तुमचं अक्षर. वर खोलीचं नाव काय ठेवायचं ते ताई ठरवेल. खाली दर लिहायचा. तो आकडा तुम्ही स्वतःच्या हातानं लिहायचा, बाबा, मोठा, लांबून वाचता येईल असा. तुमच्या हातानं लिहिलेलं तुम्ही कधी पुसलेलं मी बघितलं नाही.

ताई, ही मदत नाही. मदत तू घेणार नाहीस. हा माझा हिस्सा आहे, अर्धा. बी आशाच्या अंगणातल्या खोल्या आता तिच्या भाचीच्या पैशातून उठतायत, मीच एसी बसवणार आहे. त्यासाठी मी वर्षभर जमवलेले आणि या सीझनचं तिनं न घेतलेलं भाडं मिळून खोलीसाठी नव्वद हजार. आणि पत्रा, रंग, ब्रश यांचे दोन हजार. ते बाबांच्या हातात दे, परत केले तर घेऊ नकोस.

बँकेत आजच टाकलेत. एकूण ब्याण्णव हजार रुपये.

सर्वेश